केल्ट नक्की कोण? गाठी, टॉर्क, हस्तलिखितं आणि एक भलामोठा गोंधळ

आडवाटेचा_वाटाड्या (धागालेखक)

टॅटूच्या दुकानात 'केल्टिक नॉट' मागितलं की एकमेकांत गुंतलेली, आदि-अंत नसलेली गाठ काढून मिळते. चांदीच्या अंगठ्यांवर, आयरिश पबच्या पाट्यांवर, थडग्यांवरच्या क्रुसांवर तीच. गंमत अशी की रोमशी लढलेल्या केल्टांच्या ढाली-तलवारींवर ही गाठ शोधून सापडणार नाही. त्यांची नक्षी निराळी होती. वेलीसारखी वळणं, भोवरे, तुतारीसारखी फुगत गेलेली टोकं, आणि जरा वेळ बघत राहिलं की त्यातूनच डोकावणारा एखादा चेहरा. गाठीचं काम आलं हजारेक वर्षांनी, ख्रिस्ती मठांत. तेही भूमध्य समुद्राकडच्या वेणीकामातून आणि जर्मानिक सोनारांच्या गुंतवळ्यातून.

मग 'केल्टिक' म्हणायचं कशाला? माझ्या मते या एका शब्दाखाली तीन वेगळी गाठोडी आहेत आणि ती एकच समजल्यामुळे सगळा घोळ होतो.

पहिलं गाठोडं लोकांचं. ग्रीक लेखक आल्प्सपलीकडच्या लोकांना 'केल्टोई' म्हणत. सीझर सांगतो की गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) मधल्या भागातले लोक स्वतःला केल्ट म्हणवतात. याच लोकांच्या भाऊबंदांनी इ.स.पू. ३९० च्या सुमारास रोम लुटलं, २७९ मध्ये डेल्फीवर चाल केली आणि त्यातले काही थेट आजच्या अंकाराच्या आसपास जाऊन गलाती म्हणून स्थायिक झाले. पण ब्रिटन आणि आयर्लंडच्या रहिवाशांना एकाही प्राचीन लेखकाने केल्ट म्हटलेलं नाही.

त्यांना ते नाव मिळालं भाषेमुळे, म्हणजे दुसऱ्या गाठोड्यामुळे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड लुईड, हा वेल्श माणूस, याने १७०७ मध्ये वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश आणि जुनी गॉलिश या भाषा एका घराण्यातल्या असल्याचं मांडलं. घराण्याला नाव पडलं केल्टिक, आणि बघता बघता बोलणारेही केल्ट झाले.

तिसरं गाठोडं कलेचं. मला सगळ्यात आवडतं ते हेच.

ऑस्ट्रियात हॉलश्टाट नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. मिठाच्या खाणीचं. खाणीचा व्यवस्थापक योहान गेओर्ग रामझाउअर याला १८४६ मध्ये प्राचीन दफनभूमी लागली. पुढची सतरा वर्षं त्याने खाण सांभाळून ९८० च्या आसपास थडगी उघडली, आणि विशेष म्हणजे प्रत्येकात काय कुठे होतं याची जलरंगात चित्रं काढून घेतली. त्या काळात बाकीचे नुसतं सोनं उचलून चालू पडत होते! इ.स.पू. ८०० ते ४५० या काळाला आज हॉलश्टाट म्हणतात ते यामुळेच. मिठाने तिथे चामड्याच्या पाठपिशव्या, लोकरीच्या कापडाचे तुकडे, लाकडाच्या मशाली टिकवून ठेवल्यात.

या काळातलं माझं आवडतं थडगं मात्र जर्मनीतलं, श्टुटगार्टजवळच्या होखडॉर्फचं. १९७८-७९ मध्ये उकरलेलं, इ.स.पू. ५३० च्या सुमाराचं. आत चाळिशीचा, जवळजवळ सव्वासहा फूट उंचीचा माणूस, ब्राँझच्या लांबलचक बाकड्यावर आडवा. बाकडं आठ बायकांच्या छोट्या मूर्तींनी उचललेलं, आणि मूर्तींच्या पायांखाली चाकं. पायाशी ग्रीकांकडून आलेली पाचशे लिटरची कढई, तिच्यात मधाच्या दारूचा साका. नऊ जणांसाठी पिण्याची शिंगं आणि ताटं. बुटांवर सोन्याचे पत्रे, पण डाव्याचे उजव्याला आणि उजव्याचे डाव्याला लावलेले. मयताच्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नसावं.

बायकाही मागे नव्हत्या. फ्रान्समधल्या व्हिक्सच्या थडग्यात (सापडलं १९५३ मध्ये) एका बाईसोबत १.६४ मीटर उंचीचं, २०८ किलो वजनाचं ब्राँझचं ग्रीक भांडं ठेवलंय. अकराशे लिटर मावतील एवढं. गळ्यात अर्ध्या किलोच्या आसपास सोनं.

इथपर्यंत थाटामाटाच्या वस्तू बऱ्याचशा आयात केलेल्या. इ.स.पू. ४५० नंतर मात्र स्वतःची शैली उभी राहते. स्वित्झर्लंडच्या नॉयशाटेल तळ्याचं पाणी १८५७ मध्ये खूप उतरलं आणि ला टेन या जागी तलवारींचा खच दिसला, म्हणून शैलीचं नाव ला टेन. ग्रीकांच्या कमळवेली या कारागिरांनी घेतल्या, पण फूल फूल राहिलं नाही, पान पान राहिलं नाही. हिटलरच्या जर्मनीतून ऑक्सफर्डला आलेल्या पाउल याकोब्स्टाल या ज्यू अभ्यासकाने १९४४ मध्ये या शैलीचे टप्पे पाडून दाखवले. अजूनही तीच मांडणी पाया म्हणून धरतात.

एकच वस्तू जवळून बघा म्हणालो तर डेसबरोचा आरसा. १९०८ मध्ये सापडलेला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. पुढून घासून गुळगुळीत केलेला ब्राँझचा पत्रा, मागे कोरीव नक्षी. डावी-उजवी बाजू सारखी वाटते. सगळी वळणं कंपासच्या कमानींची, कमानींच्या मधल्या जागा टोपलीच्या विणीसारख्या बारीक रेघांनी भरलेल्या. आता नक्षी कुठली आणि रिकामी जागा कुठली ते ठरवा. रेघांचा भाग आकार म्हणून बघितला तर एक चित्र, गुळगुळीत भाग बघितला तर दुसरं. कारागिराला दोन्ही हवी होती.

चर्चा होऊ द्या.

---

शेवटचा_बाक

वाचनखूण साठवली. टॉर्क म्हणजे गळ्यातलं कडंच ना? मग घालायचं कसं, डोक्यातून तर जाणार नाही.

आडवाटेचा_वाटाड्या

पुढे फट असते, तिथून ताणून घालायचं. इंग्लंडमध्ये नॉरफकच्या स्नेटिशमला १९५० मध्ये सापडलेला मोठा टॉर्क सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचा आहे, किलोभर वजनाचा. आठ-आठ तारा पिळून एक दोर, असे आठ दोर परत एकत्र पिळलेले. म्हणजे चौसष्ट तारा. दोन टोकांचे गोळे त्यावरच मेणाच्या साच्याने ओतलेले. रोममधल्या 'मरणारा गॉल' या संगमरवरी पुतळ्याच्या अंगावर कपडा नाही, पण गळ्यात टॉर्क आहे.

सिंधूतीर

लेख चांगला आहे, पण मूळ मुद्दा टाळलात. डेन्मार्कच्या गुंडेस्ट्रुप कढईवर मांडी घालून बसलेला शिंगवाला देव आहे, भोवती प्राणी. मोहेंजोदडोची पशुपती मुद्रा शेजारी ठेवा. शिवाय त्याच कढईवर हत्ती! केल्टांचे पुरोहित ड्रुइड म्हणजे आपले ऋषीच. युरोपियन अभ्यासकांना हे कबूल करायचं नाही, दुसरं काय.

कोकणकडा

आला, आला, अपेक्षित प्रतिसाद आला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आडवाटेचा_वाटाड्या

@सिंधूतीर, टाळला नव्हता, तुमच्यासाठी ठेवला होता :)

कढई १८९१ मध्ये दलदलीतून पीट (जळणासाठीची माती) काढताना मिळाली. सुमारे नऊ किलो चांदी. सुटे पत्रे करून खालच्या वाडग्यात नीट रचून ठेवलेली. काळ इ.स.पू. दुसरं-पहिलं शतक. मुद्रा आणि कढई यांच्यात दोन हजार वर्षांच्या आसपास अंतर आहे आणि मधला एकही दुवा हातात नाही. दुसरं म्हणजे मुद्रेवर म्हशीची शिंगं आहेत, कढईवर सांबरासारखी फाटे फुटलेली. पत्रा मागून ठोकून उठाव आणण्याची पद्धत थ्रेसची, म्हणजे आजच्या बल्गेरिया-रुमानियाकडची. तिथल्या कारागिरांना हत्ती ऐकून-पाहून माहीत असायला भारतात यायची गरज नव्हती. हॅनिबल आणि ग्रीक राजे हत्ती घेऊन लढतच होते. उलट देवाच्या गळ्यात टॉर्क, हातात टॉर्क, बाजूच्या पत्र्यावर रणशिंगं फुंकणारे शिपाई, हे सगळं केल्टांचं. म्हणजे बनवणारे हात एकीकडचे, गोष्ट दुसरीकडची, आणि वस्तू सापडली तिसऱ्याच, जर्मानिक मुलखात. माझ्या दृष्टीने मूळ मुद्दा हा आहे.

या देवाला 'केर्नुनॉस' म्हणतात, पण ते नाव कढईवर कुठेच नाही. ते पॅरिसमध्ये नोत्र दामच्या खाली १७१० च्या सुमाराला सापडलेल्या नावाड्यांच्या स्तंभावरून घेतलंय. तिथे या देवाच्या दोन्ही शिंगांना एकेक टॉर्क अडकवलाय. मस्त दिसतो.

सिंधूतीर

मग त्यांच्या पंचांगात अधिक महिना कुठून आला? तेही थ्रेसहून?

अधिकमास

माझ्या नावाने हाक आली म्हणून आलो. सिंधूतीरभाऊ, हा मुद्दा तुमचा खरा चांगला आहे, फक्त निष्कर्ष जपून काढा.

फ्रान्समध्ये कोलिन्यी इथे १८९७ मध्ये ब्राँझच्या पंचांगाचे तुकडे मिळाले. लिपी रोमन, भाषा गॉलिश, काळ इ.स. दुसरं शतक. पाच वर्षांचे बासष्ट महिने: साठ नेहमीचे आणि दोन अधिक. महिने तीस दिवसांचे किंवा एकोणतीस दिवसांचे, तिसाचे चांगले आणि एकोणतिसाचे तसे नव्हेत अशी खूण. प्रत्येक महिन्याचे दोन भाग, दुसऱ्या भागात दिवस परत एकपासून मोजायचे. आपल्या पक्षांची सवय असलेल्या माणसाला ही पाटी दहा मिनिटांत कळते, युरोपातल्या माणसाला समजावून द्यावी लागते. प्रत्येक दिवसापुढे एक बारीक भोक आहे, खुंटी सरकवत जायला.

पण चंद्रावर महिने आणि सूर्यावर वर्ष ठेवायचं म्हटलं की दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. तो भरून काढायला बाबिलोन, ग्रीक, ज्यू, चिनी सगळ्यांनी अधिक महिना घातला. गणित एक असलं की उत्तरं जुळतात. त्यासाठी कुणी कुणाकडे शिकायला जावं लागत नाही. केल्टिक भाषा आणि संस्कृत एका मोठ्या कुळातल्या आहेत हे खरं, ते कुणी नाकारत नाही.

सिंधूतीर

विचार करण्यासारखं आहे. हत्तींबद्दल अजून पटलेलं नाही.

वकीलीणबाई

अवांतर आहे, पण खरा भारतीय दुवा हवा असेल तर तो हा घ्या. विटली स्टोक्स, डब्लिनचा माणूस, जुन्या आयरिश भाषेच्या थोर अभ्यासकांपैकी एक. पोटासाठी वकील. १८६२ मध्ये भारतात आला, १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. आमच्या धंद्यात आजही रोज हाताशी असलेला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्याच वर्षीचे वहिवाट हक्काचे आणि न्यासाचे कायदे, यांच्या मसुद्यांत त्याचा मोठा हात आहे. दिवसा हे उद्योग आणि बाकी वेळात मध्ययुगीन आयरिश ग्रंथांचं संपादन, त्यातले काही चक्क कलकत्त्यात छापलेले. म्हणजे भाडेपट्ट्याची व्याख्या ठरवणारा माणूस संध्याकाळी ट्रॉयच्या पाडावाची आयरिश कथा जुळवत बसलेला असे.

आणि कोर्टकचेरी आवडणाऱ्यांसाठी ब्रॉयटरचं प्रकरण. १८९६ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये नांगरताना सोनं लागलं. त्यात एक वीतभर लांबीची सोन्याची होडी, आत बसायच्या फळ्या, बारीक वल्ही, डोलकाठी सगळं जागच्या जागी. ब्रिटिश म्युझियमने विकत घेतलं. आयर्लंडने दावा सांगितला की हे गुप्तधन आहे, म्हणून राजाचं. म्युझियमचा बचाव: समुद्रदेवाला वाहिलेला नवस आहे, परत काढायच्या इराद्याने पुरलेलं नाही, म्हणून गुप्तधनाची व्याख्या लागूच होत नाही! १९०३ मध्ये निकाल म्युझियमच्या विरुद्ध गेला आणि होडी डब्लिनला आली. सरकारची बाजू लढवली एडवर्ड कार्सनने, जो पुढे आयर्लंड ब्रिटनपासून तुटू नये म्हणून उभा राहिला. नवसाचा युक्तिवाद पुरातत्त्वाच्या दृष्टीने कदाचित बरोबरही असेल, पण कोर्टात टिकला नाही.

शेवटचा_बाक

ताई, यावर स्वतंत्र धागा हवा. +१

खडूफळा

चित्रकला शिकवतो, म्हणून गाठीबद्दल थोडं. सगळे म्हणतात अवघड, पण पद्धत कळली की सहावीतली मुलं काढतात. आधी ठिपक्यांची रांगोळी घालतो तशी ठिपक्यांची जाळी. त्यातून तिरप्या रेघांची साधी वेणी, एकदा वरून एकदा खालून. मग ठरावीक ठिकाणी वेणी तोडायची. तुटलेली टोकं समोरासमोर न जोडता शेजारच्या टोकाला वळवायची. तोडायच्या जागा बदलल्या की गाठ बदलते. रॉमिली अ‍ॅलन यांनी हे तोडण्याचं तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोधून काढलं आणि जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकाने १९५१ मध्ये सगळ्यांना जमेल असं पुस्तक काढलं. आजच्या टॅटूवाल्यांचा खरा गुरू हाच.

मुलांना मी एकच नियम सांगतो: वर-खाली चुकलं की खोडायचं नाही, मागे जाऊन कुठे चुकलं ते शोधायचं. अर्धा तास वर्ग गप्प बसतो. यापेक्षा मोठा फायदा मला माहीत नाही.

डब्लिनकर

बुक ऑफ केल्सचा उल्लेख अजून कसा नाही?

इ.स. ८०० च्या आसपासची शुभवर्तमानांची प्रत. बहुधा स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठात सुरू झाली. ८०६ मध्ये व्हायकिंगांनी तिथले ६८ जण मारले, उरलेले आयर्लंडमध्ये केल्सला आले. १००७ मध्ये हे पुस्तक चोरीला गेलं. दोन महिने आणि वीस रात्रींनी मातीच्या ढेकळाखाली मिळालं, सोन्याची पेटी मात्र गायब. चोराला पुस्तकाशी कर्तव्य नव्हतं, आपलं नशीब.

उरलेली पानं ३४०, वासराच्या कातड्याची. सोन्याचा वर्ख कुठेच नाही, तरी बघणारा म्हणतो केवढं सोनं! पिवळा रंग हरताळाचा आहे (आपल्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर फासायचे तोच). ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं असलेल्या पानावर अख्खं पान मिळून जेमतेम तीन शब्द आहेत. सगळी जागा भोवऱ्यांनी, भोवऱ्यांतल्या भोवऱ्यांनी व्यापलेली. आणि तळाशी, एवढ्या पवित्र पानावर, दोन मांजरं बसलीत, समोर उंदीर प्रसादाची चकती कुरतडतायत. शेजारी पाणमांजर मासा धरून. मठात उंदरांचा त्रास असणार, दुसरं काय.

वाटाड्याभाऊंच्या मुद्द्याला पुरवणी: इथे भोवरा आणि गाठ दोन्ही एका पानावर नांदतात. ला टेनची वळणं आयर्लंडमध्ये रोमन पोचलेच नाहीत म्हणून तगून राहिली, गाठी बाहेरून आल्या. डब्लिनच्या टारा ब्रोचवर (कपड्याला लावायच्या पिनेवर) पण तेच: पुढे सोन्याच्या तारेचे प्राणी, मागे पाठीवर जुने भोवरे. (टारा म्हणजे जुन्या आयरिश राजांची राजधानी, तिच्याशी ब्रोचचा काही संबंध नाही. १८५० मध्ये समुद्रकिनाऱ्यावर मिळाली. नकला विकायच्या होत्या म्हणून एका सराफाने त्या राजधानीचं नाव देऊन टाकलं.)

कोकणकडा

आणि स्टोनहेंज? ड्रुइडांचं ना?

आडवाटेचा_वाटाड्या

नाही. स्टोनहेंज आणि आयर्लंडमधलं न्यूग्रेंजचं थडगं हे दोन्ही ड्रुइडांच्या आधीचे. न्यूग्रेंज तर इ.स.पू. ३२०० चं. स्टोनहेंजला ड्रुइड चिकटवले सतराव्या-अठराव्या शतकातल्या हौशी इंग्रजांनी.

पावसाळी_कार्डिफ

हौशी लोकांचा विषय निघालाच आहे तर आमचा इयोलो मॉर्गानुग. गवंडी, कवी, अफूबाज, आणि अव्वल दर्जाचा बनावटखोर. याने जुन्या वेल्श कवींच्या नावावर स्वतःच्या कविता खपवल्या. १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगडांचं वर्तुळ मांडून 'प्राचीन' कविसभेचा विधी केला, जो त्याच्या डोक्यातून निघाला होता. आज आयस्टेथवॉडमध्ये, म्हणजे वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य-संगीत मेळाव्यात, झगे घालून तोच विधी होतो. सगळ्यांना ठाऊक आहे की इयोलोने तो रचलाय. तरी माणसं उभी राहतात.

१९१७ चा मेळावा बर्कनहेडला होता. सर्वोत्तम दीर्घ कवितेला कोरीव खुर्ची मिळते. विजेत्याचं टोपणनाव पुकारलं, कुणी उठलं नाही. परत पुकारलं. मग कळवण्यात आलं की हा कवी, हेड विन, ट्रॉसव्हनिथचा मेंढपाळ, ३१ जुलैला पाशेंडेलच्या लढाईत मारला गेला. खुर्चीवर काळं कापड टाकलं. ती खुर्ची घडवली होती बेल्जियममधून आलेल्या एका निर्वासित सुताराने. आता कवीच्या घरी, शेतावर आहे.

शेवटचा_बाक

आपल्याकडे संमेलनात खुर्चीवरून भांडणंच जास्त. (हलके घ्या.)

गोदाकाठ

सगळं वाचलं. पण लोकांचं नाव उसनं, ब्रोचचं नाव खोटं, विधी बनावट, स्टोनहेंज दुसऱ्यांचं. मग उरलं काय? ही संस्कृती टिकली म्हणायची की नंतर तयार केली?

पावसाळी_कार्डिफ

काका, भाषा उरली. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये ५ लाख ३८ हजार वेल्श बोलणारे, १७.८ टक्के. टक्का घसरतोय, सरकारला २०५० पर्यंत दहा लाख करायचेत. माझी मुलगी शाळेत वेल्श बोलते, घरी मराठी, आणि माझ्यावर रागावली की इंग्रजी.

डब्लिनकर

त्याहून टोकाचं उदाहरण आयल ऑफ मॅनचं. मँक्स भाषेचा शेवटचा जन्मजात वक्ता नेड मॅडरेल १९७४ मध्ये वारला. त्याच्या आवाजाच्या तबकड्या आयरिश लोककथा आयोगाने १९४८ मध्ये जाऊन करून ठेवल्या होत्या. त्यावरून आणि म्हाताऱ्यांकडून काही लोक भाषा शिकले, २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. २००९ मध्ये युनेस्कोने भाषा मृत म्हणून नोंदवली. तेव्हा त्या शाळेतल्या पोरांनी मँक्समध्ये पत्र लिहून विचारलं, भाषा मेलीय तर हे आम्ही कशात लिहितोय? युनेस्कोने नोंद बदलली.

गोदाकाठ काका, 'तयार केली' म्हणालात तरी चालेल. त्या पोरांना फरक पडत नाही.

गोदाकाठ

पत्राचा किस्सा भारी. तरी माझं म्हणणं राहतंच. भाषा आणि कढई यांचा धागा एक आहे हे कुणी दाखवलेलं नाही.

आडवाटेचा_वाटाड्या

बरोबर आहे काका, आणि ब्रिटिश म्युझियमने २०१५ मध्ये केल्टांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा हेच सांगितलं: एक सलग जमात असं काही नव्हतं, नाव वेळोवेळी नव्याने वापरलं गेलं. वेल्स-आयर्लंडमध्ये काहींना ते झोंबलं, कारण लंडनने सांगावं याला वेगळा वास येतो. मी म्युझियमच्या बाजूने आहे, पण झोंबलेल्यांनाही नावं ठेवणार नाही.

शेवटचा_बाक

शेवटचा प्रश्न. कढईवरची रणशिंगं, ती वाजायची कशी? कुणी वाजवून बघितलंय का?

आडवाटेचा_वाटाड्या

बघितलंय. नाव कार्निक्स. उभं धरायचं, तोंड रानडुकराचं, गर्दीच्या डोक्यावरून आवाज जावा म्हणून. स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्डला १८१६ च्या सुमाराला एकाचं डोकं सापडलं होतं, जबडा हलणारा. त्यावरून १९९० च्या दशकात पूर्ण वाद्य घडवलं आणि जॉन केनी या ट्राँबोनवादकाने ते वाजवलं. रेकॉर्डिंगं ऐकायला मिळतात. ग्रीक लेखकांनी कर्कश म्हणून ठेवलंय, पण हळू फुंकलं की खालचे सूर फार खोल लागतात. २००४ मध्ये फ्रान्सच्या तँतिन्याकला एका खड्ड्यात सात कार्निक्सचे तुकडे मिळाले, त्यातलं एक जवळजवळ पूर्ण.

बॅगपाइपचा मात्र या लोकांशी काडीचा संबंध नाही. त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो.